कट्टा कोणाकडे होता

माझ्या वडिलांच्या मांडीतून गोळी आरपार गेली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून माणसं दवाखान्यात भेटायला यायला लागली. कुणी मोसंबी आणायचं, कुणी बिस्किटाचे पुडे. आणि खाटेशेजारच्या स्टुलावर टेकायच्या आधी, अप्पांकडे धड बघायच्याही आधी, दबक्या आवाजात मला विचारायचं, "लायसनचं होतं का बिनलायसनचं?"

पहिल्यांदा वाटलं, बिचाऱ्यांना काय बोलावं सुचत नसेल. मग लक्षात आलं की हाच त्यांचा खरा प्रश्न आहे. लायसनचं होतं म्हटलं की चेहरा सैल व्हायचा. म्हणजे चुकून झालं, नशीब, असं असतं लग्नात. बिनलायसनचं म्हटलं की कपाळाला आठ्या, मग गुन्हा, मग जमाना कसा बिघडलाय यावर अर्धा तास. गोळी तीच, मांडी तीच. एका लांबच्या मावसाजींना मी म्हणाले, "मावसाजी, आत शिरताना गोळीनं लायसन दाखवलं नाही हो." ते रागावून निघून गेले. मोसंबी मात्र ठेवून गेले.

मी परभणीत एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. कायदा, हक्क, कर्तव्यं ही माझी रोजची भाकरी आहे. माहेर वालूरचं. अप्पांचं तिथे किराणा दुकान. आम्ही शिवाची भक्ती करणारी माणसं, गळ्यात लिंग बांधणारी. घरात डास मारायची बॅटसुद्धा आईने किती तरी दिवस येऊ दिली नव्हती, जीव तो जीव म्हणायची. अशा घरातली माझी धाकटी बहीण पोखर्णीकडच्या एका घरात द्यायचं ठरलं. मुलगा चांगला, कमी बोलणारा, बहिणीला आवडलेला. पण त्या घरात मुलाच्या बापाचं काही चालत नव्हतं. चालायचं ते चुलत्याचं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचं खडीचं क्रशर होतं, रस्त्याची कामं होती, आणि पुढाऱ्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर जागा होती. त्यांच्या गळ्यात आमच्यासारखंच लिंग होतं आणि कमरेला रिव्हॉल्वर.

सुपारी फोडायला आले तेव्हा बसताना टोचतं म्हणून त्यांनी ते काढलं आणि समोरच्या टीपॉयवर ठेवलं, पानसुपारीच्या ताटाला लागून. आमच्याकडच्या बायका दारातच थबकल्या. अण्णांना ते आवडलं. ते म्हणाले, "भ्यायचं काम न्हाई. हे सरकारमान्य हाय. बत्तीस बोअर. ह्याच्या पुढचं जे असतंय, नाईन एमएम अन् काय काय, ते पोलिसाचं अन् मिलिटरीचं. त्या बोअरला बंदी हाय. आपण बंदीतलं काईच ठेवत न्हाई."

"बोअरला बंदी?" अप्पा म्हणाले. "मग आमच्या वालुरात कशी न्हाई? शेजाऱ्यानं परवाच दुसरा पाडला की."

बैठक हसून हसून लोळली. आमच्याकडे बोअर एकच, पाण्यासाठी जमिनीत पाडतात तो. अप्पाही मागाहून हसले, पण त्यांनी ते खरोखरच विचारलं होतं. अण्णांनी मग लहान मुलाला सांगावं तसं त्यांना समजावलं, की नळीच्या तोंडाच्या मापाला बोअर म्हणतात, सरकारने काही मापं जनतेला दिली आहेत आणि काही दिलेली नाहीत. दसऱ्याला आपण ह्याची पूजा करतो, बायको हळदकुंकू वाहते, हेही सांगितलं. मी म्हणाले, "आणि दिलेल्या मापानं माणूस मरत नाही का?"

"मास्तरीणबाई," अण्णा म्हणाले, "हे वापरायचं नसतंय. ह्याचा नुस्ता धाक असतोय."

आईने चहाचे कप आणले आणि रिव्हॉल्वरपासून जितके लांब ठेवता येतील तितके लांब ठेवले.

लग्न आमच्या दारात, वालुरात झालं. मे महिना. मांडवाच्या मागे स्वयंपाकाची चूल होती. ऐन वेळी आचारी तांदूळ कमी पडणार म्हणून ओरडायला लागला, तेव्हा आईने समोर जो दिसला त्याला सांगितलं, दादा, दुकानातून तेवढे तांदूळ आणता का. जो दिसला तो अण्णांचा ड्रायव्हर होता. चाळिशीतला माणूस, उंच, खाली बघून बोलणारा. वऱ्हाडासोबत आलेला म्हणजे खरं तर पाहुणाच, पण तो लगेच गेला. येलदरीकडचा होता. आधी दर दिवाळीनंतर बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा. पोरांची शाळा एका जागी राहावी म्हणून गाडी शिकला आणि अण्णांकडे लागला. हे त्यानेच मला सकाळी पाणी पिताना सांगितलं होतं, मी शिक्षिका आहे कळल्यावर. थोरली मुलगी आठवीत आहे, इंग्रजीत कच्ची आहे, काय करावं म्हणून विचारत होता.

नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या पारावरून मांडवाकडे आली. डीजे असा की छातीत धडधडत होतं. अप्पा मांडवाच्या तोंडाशी हात जोडून उभे, मी शेजारी ओवाळणीचं ताट घेऊन. आई आमच्या मागे, चुलीच्या वाटेवर लक्ष ठेवून. अण्णा घोड्यापुढे नाचत होते. त्यांनी कमरेचं काढलं आणि आभाळात बार काढला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणखी एक काढला. मग पुन्हा चाप ओढला तर बार निघाला नाही. त्यांनी हात खाली घेतला आणि काय झालं म्हणून ते रिव्हॉल्वर वळवून बघायला लागले. मी बघत होते. माझ्यापासून पाच-सहा हातांवर होते ते. पानसुपारीच्या ताटाशेजारी पाहिलेलं तेच हत्यार, तीच पांढरी मूठ. तेव्हा ते उडालं.

अप्पा बसले. पडले नाहीत, दमलेला माणूस बसतो तसे खाली बसले. त्यांचं धोतर लाल व्हायला लागलं तरी डीजे चालूच होता. पहिल्यांदा पळत आला तो ड्रायव्हर. पाठीवरचं ओझं त्याने तिथेच टाकलं, डोक्यावरचा फेटा सोडला आणि अप्पांच्या मांडीला करकचून बांधला. मग त्यांना उचलून जीपमध्ये घातलं. वालूर ते परभणी त्याने ती गाडी कशी आणली ते मला आठवत नाही. मला फक्त हॉर्न आठवतो. डॉक्टर म्हणाले, फेटा बांधला नसता तर रक्त जाऊनच संपले असते.

आम्ही दवाखान्यात आणि तिकडे वालुरात जंगमाने, म्हणजे आमच्यातल्या पुरोहिताने, बहिणीचं लग्न उरकून घेतलं. मुहूर्त टळू नये म्हणून. माझ्या बहिणीने बापाच्या रक्तावर टाकलेल्या मातीवरून जाऊन अक्षता घेतल्या. तिला कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी जमादार जबाब घ्यायला आला. मी तेव्हा खाली औषधं आणायला गेले होते. वर आले तर जमादार निघून गेलेला, आणि आई बाकावर बसून विचारात पडलेली.

"काय विचारलं?" मी म्हणाले.

"इचारलं, मावशी, कट्टा कुणापाशी व्हता? म्या म्हणलं, डायवरपाशी व्हता की. बार झाला तसा त्यानं टाकून दिला अन् पळत आला." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पर पोलिसाला तांदळाचं काय पडलंय गं?"

पुण्यामुंबईकडच्या माणसाला हे सांगावं लागेल. त्यांच्याकडे कट्टा म्हणजे पोरांनी गप्पा मारत बसायची जागा. आमच्याकडे पोतं असतं ते क्विंटलचं, गोणपाटाचं. त्याहून लहान, प्लास्टिकचं असतं तो कट्टा. सोयाबीनचा कट्टा, ढेपेचा कट्टा, तांदळाचा कट्टा. दुकानदाराची बायको असलेल्या माझ्या आईने हा शब्द दिवसातून पन्नासदा उच्चारलेला आहे आणि त्याला दुसरा अर्थ आहे हे तिच्या कानावर कधी आलेलं नव्हतं. नळाच्या पाइपातून ठोकून केलेलं, बंदी असलेलं गावठी पिस्तूल, त्यालाही कट्टा म्हणतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला माहीत. आई वर्तमानपत्रात पुड्या बांधायची.

मी जिन्यावरून धावत खाली गेले. ड्रायव्हर दवाखान्याच्या दारात, अंगावर अप्पांच्या रक्ताचे डाग तसेच, पोलिसांच्या गाडीत बसलेला होता. त्याला वाटत होतं साक्षीला नेतायत. मला म्हणाला, "ताई, अप्पाला कसं हाय आता?"

जमादाराला मी ओरडूनच सांगितलं. आईने तांदळाचा कट्टा म्हटलंय, पिस्तूल अण्णांच्या हातात होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. तो शांतपणे म्हणाला, "बाई, मी कशाला मनानं लिहू? तुमच्या आईनंच सांगितलंय, कट्टा डायवरपाशी होता अन् बार झाल्याबरोबर त्यानं टाकून दिला. आता ह्याच्याहून सरळ गवाही कोणती असती?" जमादार इकडचाच. त्याच्या घरीही सोयाबीन कट्ट्यातच भरत असणार. मला एवढंच सांगायचं आहे की तो चुकला नव्हता. त्याला पक्कं समजलं होतं. आई चुकली होती आणि तो नाही. म्हणूनच माझा त्याच्यावर आजही इतका राग आहे.

रात्रीपर्यंत आमच्या मांडवामागे टेम्पोखाली एक गावठी कट्टा सापडला. सापडणारच होता. मांडीतून पार गेलेली गोळी मात्र कुणाला सापडली नाही. आणि अण्णांचं रिव्हॉल्वर घरी कपाटात, कुलपात, पुसून स्वच्छ होतं. नाचताना काढलेल्या बारांचं काय, असं मी विचारलं. लोक म्हणाले, ते फटाके होते.

अण्णा चौथ्या दिवशी दवाखान्यात आले. धमकी वगैरे काही नाही. अप्पांच्या पायाशी बसले, पाय दाबायला लागले. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं असं मला वाटतं. "अप्पा," ते म्हणाले, "लेक आता आमची झाली. तिच्या घराची इज्जत ती तुमची इज्जत. माझं लायसन गेलं तर एक येळ चालंल, पर घराण्याचं नाव पेपरात आलं तर पोरीनं कुठं त्वांड दाखवावं?" अप्पा छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी तर खाली पडलो व्हतो. मला काय दिसणार?" गोळी लागल्यानंतर पडलो आणि लागायच्या आधी उभा होतो, हा हिशेब त्यांनी स्वतःलाही कळू दिला नाही. अप्पांचा मला राग येत नाही असं नाही. येतो. काठी टेकत चालताना पाहिलं की जातो, आणि ते बसले की परत येतो.

पुढे तर कडेलोट झाला. अवैध कट्ट्यांवरची बंदी कडक करा, कट्टेवाल्यांना जामीन देऊ नका, अशा मागणीचा मोर्चा तहसीलवर निघाला. पुढे अण्णा. मंडपात पहिल्या ओळीत प्लास्टिकच्या खुर्चीवर अप्पा, गळ्यात हार, पायाला पट्टी. पीडित म्हणून. फोटो पेपरात आला. आईने त्या पेपरात काही बांधलं नाही, घडी करून देव्हाऱ्याखाली सरकवला. शाळेत स्टाफरूममध्ये तो फोटो बघून गणिताचे सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या वडिलांनी चांगला मुद्दा हातात घेतला. पण बंदीनं काय होतं? बंदी आधीही होतीच ना?" इतिहासाच्या बाई म्हणाल्या, बंदी नसती तर घरोघरी झाले असते. दोघं मधल्या सुट्टीभर भांडले आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मी डबा न खाता वर्गावर गेले.

मला विचाराल तर बंदी हवी. पाइपाच्या तुकड्यापासून केलेल्या त्या वस्तूचा माणूस मारण्याशिवाय दुसरा उपयोग नाही, ती हातात फुटूही शकते. नाईन एमएमही लोकांच्या घरात नको. पण ही कसली वाटणी, की ह्या मापाचं वाईट आणि त्या मापाचं चांगलं? निवडणूक आली की लायसनवाल्यांची हत्यारं ठाण्यात जमा करून घेतात. म्हणजे सरकारला ठाऊक आहे, चांगली हत्यारंही चांगली नसतात. मतपेटीजवळ नकोत, आणि आमच्या मांडवात चालतील? रानडुकरं हाकलायला कुणी कमरेचं रिव्हॉल्वर नेत नाही, पोरं फटाके फोडतात. वालूर ते पोखर्णी रस्त्याला असा कोणता वाघ आडवा येतो की त्यासाठी ते लागावं? खिशात मावेल असं एकही हत्यार घरात नको, कुठल्याही मापाचं, एवढं साधं म्हणायला कायद्याची जीभ अडखळते. अर्धी बंदी घातली की उरलेल्या अर्ध्याला आपोआप अब्रू मिळते. अण्णा त्याच अब्रूवर उभे राहिले. बंदीतला कट्टा जगात होता म्हणून त्यांचं रिव्हॉल्वर सोज्वळ ठरलं. वाईट काम वाईट हत्यारानेच केलं असणार आणि वाईट हत्यार गरिबाकडेच असणार, हे सगळ्यांना इतकं पटलं की कुणी पुढे विचारलंच नाही. मी हे वर्गात शिकवू शकत नाही. पुस्तकात कायद्यापुढे सगळे समान हा धडा आहे, तो मी दरवर्षी घेते आणि फळ्याकडे तोंड करून घेते.

ड्रायव्हरला जामीन राहायला मी तयार होते. वकील म्हणाले, तुम्ही साक्षीदार आहात, जमायचं नाही. त्याच्या नात्यातलं कुणी पुढे आलं नाही, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांना अण्णांच्या क्रशरवर काम होतं. त्याची बायको मात्र दर तारखेला येलदरीकडून एसटीने यायची. कधी थोरलीला घेऊन यायची. आता तिने ऊसतोडीच्या मुकादमाकडे पुन्हा नाव सांगितलं होतं. दिवाळीच्या आत नवरा सुटला नाही तर ती पोरं घेऊन फडावर जाणार होती, आणि एकदा फडावर गेलेलं पोर शाळेत परत येत नाही हे मला तिने सांगायची गरज नव्हती.

माझी साक्ष आधी झाली. मी जे पाहिलं ते सांगितलं. अण्णांच्या हातात रिव्हॉल्वर होतं, पांढऱ्या मुठीचं, त्यातून गोळी सुटली. सरकारी वकिलांनी कागद वर धरला. माझ्या पोलीस जबाबात लिहिलेलं होतं, की गर्दीमुळे गोळी कोणी झाडली हे मला दिसले नाही. मी असं म्हटलेलं नाही, असं मी ओरडून सांगितलं, तर न्यायाधीशांनी आवाज खाली ठेवायला सांगितलं. मग सरकारी वकिलांनी मला फितूर जाहीर करायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. फितूर! किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणाऱ्यांसाठी हा शब्द मी मुलांना सांगत आले. त्या दिवशी संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "अक्का, तू आता इकडं येऊ नको," एवढं म्हणून तिने ठेवला. मागे कुणीतरी उभं असावं.

आता सगळं आईवर आलं. ड्रायव्हरच्या बाजूने सरकारने दिलेले एक तरुण वकील होते. त्यांना मी कट्ट्याचं सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, मॅडम, सगळी केस त्या एका शब्दावर उभी आहे. मी उलटतपासणीत त्यांना एकच प्रश्न विचारतो, तुमच्याकडे कट्टा कशाला म्हणतात. त्यांनी तांदळाचं नाव घेतलं की संपलं.

आईला हे पटवायची वेळच आली नाही. जेव्हा तिला पहिल्यांदा उमगलं की आपल्या तोंडच्या शब्दाने तो माणूस आत गेलाय, तेव्हा तिने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. अप्पांचं, अण्णांचं, कुणाचंच तिने ऐकलं नाही. ड्रायव्हरची बायको एकदा घरी आली, तिला जेवायला वाढताना आई म्हणाली, "बाई, माझ्या त्वांडातून गेलंय ते. म्याच माघारी आणते. म्या कट्ट्याला कट्टा म्हणलं, त्येच्यात काय लपवायचं हाय?" ती बाई ताटावर बसून रडली. आईने तिला आणखी एक भाकरी वाढली.

तारखेच्या सकाळी आम्ही कोर्टात पोचलो तर व्हरांड्यात माझी बहीण उभी होती. लग्नानंतर मी तिला इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. वाळली होती. लांबवर अण्णा आणि तिचा नवरा उभे, नवरा खाली बघत. बहिणीच्या पायाशी कपड्यांची मोठी बॅग होती, लग्नात आम्हीच दिलेली.

"हे काय गं?" आई म्हणाली.

"कपडे हायेत. सगळे." ती आईकडे न बघता बोलत होती. "अण्णा म्हणलेत, आज आई काय बोलतील तसं. नीट बोलल्या तर आमच्यासंगट माघारी ये, न्हाईतर तशीच त्यांच्यासंगट जा."

"तू ये आपल्या घरी," मी म्हणाले. "आत्ताच चल."

तिने माझ्याकडे बघितलं. "अक्का, तुला नोकरी हाय," ती म्हणाली. "मला माझा नवरा आवडतोय. वाईट न्हाई गं तो. त्याला बोलता येत न्हाई, एवढंच."

आईने वाकून बॅगेची उघडी राहिलेली चेन ओढून लावली आणि नाव पुकारलं तशी आत गेली.

माझी साक्ष झालेली असल्याने मला आत बसता येत होतं. मी मागच्या बाकावर बसले, माझ्या शेजारी ड्रायव्हरची बायको. ड्रायव्हर पिंजऱ्यात उभा होता, केस पार पांढरे झालेले. आईला बघून त्याने हात जोडले. बहीण दारापाशी उभी राहिली, बॅग तिच्या पायाशी. सरकारी वकिलांनी आईला वाचून दाखवलं, कट्टा ड्रायव्हरकडे होता, आवाज होताच त्याने टाकून दिला, हे तुम्ही सांगितलं का? आई म्हणाली, हो. मग आमचे वकील उठले. त्यांनी घाई केली नाही. आईला पाणी हवं का विचारलं. मग म्हणाले, "मावशी, तुमचं किराणा दुकान आहे ना? मग मला सांगा, तुमच्या वालुरात कट्टा कशाला म्हणतात?"

न्यायाधीशांनी वर बघितलं. वकिलांनी प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. पिंजऱ्याकडेही नाही. ती दाराकडे बघत होती.

"पिस्तुलाला," ती म्हणाली.

वरचा पंखा खडखडत होता आणि आईचा आवाज बारीक. माझ्या शेजारची बाई पुढे वाकली होती, तिला ऐकू आलं नव्हतं. तिने माझा हात धरला आणि विचारलं, "काय म्हणल्या ओ मावशी?"

मी तिला सांगितलं.

"न्हाई," ती म्हणाली. "तांदळाला म्हणल्या असतील. तुमी नीट आइका की."